चंदेरी कडीवर चढलेला तपकिरी रंग : ‘पाट्रिझी’ तबकडीचे प्रकरण

रोलेक्सच्या ‘डेटोना’ घड्याळाच्या १६५२० या क्रमांकाच्या आवृत्तीत, १९९० च्या दशकाच्या मध्यास तयार झालेल्या काही काळ्या तबकड्यांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट घडली. या घड्याळाच्या मोठ्या तबकडीत तीन लहान तबकड्या असतात आणि त्यांपैकी प्रत्येकीभोवती आकडे छापलेली एक अरुंद चंदेरी कडी असते. घड्याळे दुकानातून बाहेर पडली तेव्हा या कड्या स्वच्छ चंदेरी होत्या. पुढच्या दहा वर्षांत त्यांतल्या काही घड्याळांच्या कड्या आधी फिक्या पिवळसर, मग मधासारख्या आणि शेवटी दाट तपकिरी झाल्या, आणि मधला काळा भाग मात्र जसाच्या तसा राहिला. लिलावाच्या क्षेत्रातील ओस्वाल्दो पाट्रिझी यांनी २००५ च्या सुमारास या बदलाकडे पहिल्यांदा गांभीर्याने लक्ष वेधले आणि तेव्हापासून अशा तबकडीला जगभरचे संग्राहक त्यांच्याच नावाने ओळखतात. जिनिव्हातील अँटिकोरम या लिलावसंस्थेचे ते संस्थापक होते.

जुन्या घड्याळांच्या तबकड्या रंग का बदलतात, हा प्रश्न समजून घेण्यासाठी मला हे प्रकरण सर्वांत उपयोगी वाटते. एरवी जुन्या तबकडीवर ऊन, दमटपणा, घाम, तेलाची वाफ आणि आधी केलेल्या दुरुस्त्या या साऱ्यांचे परिणाम एकमेकांत मिसळलेले असतात आणि नेमके कारण वेगळे काढता येत नाही. येथे तसे नाही. घड्याळ जलरोधक आहे, वय फार नाही, तबकडीचा बहुतेक भाग निर्दोष आहे आणि बदल फक्त एका ठरावीक जागी, एका ठरावीक पदार्थावर झालेला आहे. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडणी केली असती तरी याहून नेटकी तुलना हाती लागली नसती.

घड्याळाची पार्श्वभूमी

डेटोना १९६३ साली बाजारात आले आणि पहिली पंचवीस वर्षे ते हाताने चावी द्यावे लागणारे घड्याळ होते. १९८८ साली १६५२० हे पोलादी घड्याळ आले, ते मनगटाच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारे पहिले डेटोना. त्याचा व्यास ४० मिलिमीटर, काच कृत्रिम नीलमण्याची आणि आतले यंत्र झेनिथ कंपनीच्या ‘एल प्रिमेरो’वर आधारलेले. १९६९ सालचे हे मूळ यंत्र ताशी ३६,००० स्पंदने करत असे. रोलेक्सने ती २८,८०० वर आणली, तारखेची सोय काढून टाकली, तोलचक्र बदलले आणि त्या रूपाला ४०३० हा क्रमांक दिला. २००० साली स्वतःचे यंत्र घातलेली पुढची आवृत्ती येईपर्यंत हे घड्याळ चालू राहिले.

विषय तबकडीचा असला तरी एक गोष्ट येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७५ साली झेनिथच्या तत्कालीन अमेरिकी मालकांनी यांत्रिक घड्याळांचे उत्पादन थांबवून त्यांची अवजारे आणि साचे मोडीत काढण्याचा निर्णय घेतला, तेव्हा स्वित्झर्लंडमधील ल लॉक्ल येथील कारखान्यातील शार्ल व्हर्मो या कारागिराने वरिष्ठांना न सांगता ती सामग्री माळ्यावर नेऊन लपवली आणि तिची नोंदही ठेवली. पुढच्या दशकात एल प्रिमेरो पुन्हा उभे राहिले ते त्या लपवलेल्या अवजारांच्या आधारावर. ती वाचली नसती तर १६५२० आज आहे त्या रूपात कधी तयारच झाले नसते.

या घड्याळाला सुरुवातीपासून मोठी मागणी होती आणि पुष्कळ गिऱ्हाइकांना ते मिळवण्यासाठी दीर्घ काळ थांबावे लागे. इतकी वाट पाहून घेतलेल्या महागड्या वस्तूच्या कड्या काही वर्षांत मळक्या दिसू लागल्या, तर मालकाने तो दोष मानावा आणि तबकडी बदलून घ्यावी, हे स्वाभाविक होते. सेवेसाठी आलेल्या घड्याळाची खराब दिसणारी तबकडी काढून नवी बसवणे ही त्या काळची सर्वसामान्य रीत होती. त्यामुळे रंग बदललेल्या तबकड्यांपैकी काही त्यांचे महत्त्व कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच निघून गेल्या असणार.

कडीत नेमके काय घडले

या बदलाचे सर्वमान्य स्पष्टीकरण असे की, त्या काळातील तबकड्यांवर संरक्षणासाठी ‘झापोन’ या नावाचे एक सेंद्रिय पारदर्शक वॉर्निश दिले गेले होते आणि त्या वॉर्निशचा थर कड्यांतील चांदीला हवेपासून पुरेसा जपू शकला नाही. हे एका वाक्यातले उत्तर बरोबर आहे, पण त्यावर थांबले तर प्रकरणातला सगळ्यात रंजक भाग हातून निसटतो.

आधी चांदीचे पाहू. देव्हाऱ्यातली चांदीची निरांजने, तबक, अत्तरदाणी यांपैकी काहीही महिनाभर पुसले नाही की त्यावर आधी पिवळसर छटा येते, मग ती तांबूस तपकिरी होते आणि फारच दुर्लक्ष झाले तर निळसर काळी होते, हे आपल्या घरांत कोणालाही नवीन नाही. इंग्रजी बोलणारे संग्राहक याला सरसकट ‘ऑक्सिडेशन’ म्हणतात, परंतु साध्या तापमानाला कोरड्या हवेतला प्राणवायू चांदीचे फारसे काही बिघडवू शकत नाही. चांदीचे खरे वैर गंधकाशी आहे. हवेत अत्यल्प प्रमाणात असणारा हायड्रोजन सल्फाइड चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार करतो, आणि हवेत ओलावा असेल तर ही क्रिया अधिक वेगाने होते. अंड्याला लागलेला चांदीचा चमचा काळा पडतो तोही याच कारणाने.

येथे एक बारकावा समजून घेणे फार आवश्यक आहे. हा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतका पातळ असतो तेव्हा त्याचा रंग केवळ त्याच्या द्रव्यावर अवलंबून नसतो, तर जाडीवरही अवलंबून असतो. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश आणि खालच्या चांदीवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात आणि जाडी वाढेल तसे पिवळा, तांबूस तपकिरी, जांभळट, निळसर असे रंग क्रमाने दिसतात. पाण्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात जे इंद्रधनुष्य दिसते, त्यामागचे तत्त्वही हेच. म्हणून चांदीच्या पृष्ठभागावरची तपकिरी छटा ही क्रिया संपल्याची खूण नसून ती कुठवर आली आहे याची खूण असते. पाट्रिझी कड्यांबद्दल जाणकार एकमुखाने सांगतात की त्या अजूनही गडद होत आहेत, आणि वरील कारणाने ते मला पूर्णपणे पटते.

आता वॉर्निश. झापोन हे सेल्युलोज नायट्रेटचे वॉर्निश आहे. कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळणारा पदार्थ विद्रावकात विरघळवला की ते तयार होते. ते लावले की विद्रावक उडून जातो आणि मागे काचेसारखा स्वच्छ, अतिशय पातळ पापुद्रा उरतो. पितळ आणि चांदी काळी पडू नये म्हणून ते दीर्घ काळ वापरले जात आले आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील अभिलेखागारांत जीर्ण हस्तलिखिते बळकट करण्यासाठीही त्याची मोठ्या विश्वासाने शिफारस झाली होती. तो विश्वास पुढे टिकला नाही, कारण सेल्युलोज नायट्रेट स्वतःच अस्थिर आहे. काळाबरोबर ते विघटित होते, पिवळे पडते, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतात. मूकपटांच्या काळातल्या चित्रफिती याच कुळातल्या पदार्थाच्या होत्या, आणि त्या किती मोठ्या संख्येने नष्ट झाल्या हे आपल्या चित्रपटांच्या इतिहासात रस असणाऱ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे कडीवर दोन गोष्टी एकाच दिशेने काम करत होत्या : वरचा पापुद्रा वयाप्रमाणे पिवळसर होण्याच्या स्वभावाचा आणि खालची चांदी त्या पापुद्र्यातून झिरपणाऱ्या वायूंना प्रतिसाद देणारी. वॉर्निशचा थर एखाद्या भांड्यावर दिला तर तो जाड देता येतो, पण तबकडीवर तसे चालत नाही, कारण जाड थराखाली बारीक छपाईची धार बोथट दिसते. मला यात कोणाचा निष्काळजीपणा दिसत नाही. तबकडी बनवणाऱ्याला टिकाऊपणा आणि रेखीवपणा यांत रोजच तोल साधावा लागतो, आणि या तुकडीत तो रेखीवपणाच्या बाजूला थोडा अधिक झुकला.

मग बदल फक्त कड्यांपुरता का राहिला? मुख्य तबकडी काळ्या, चकचकीत रंगलेपाची आहे आणि तिच्यात उघडी चांदी नाही. तासांच्या खुणा आणि काटे यांच्या चौकटी पांढऱ्या सोन्याच्या आहेत आणि सोन्याला गंधकाची बाधा होत नाही. एकाच पेटीत, एकाच हवेत, एकाच काचेखाली हे पदार्थ शेजारी शेजारी तितकीच वर्षे राहिले आणि त्यांपैकी एकानेच रंग बदलला. काही गडद तबकड्यांत काळा, तपकिरी आणि सोन्याची फिकट झळाळी हे तिन्ही एकत्र दिसतात तेव्हा ते दृश्य खरोखर देखणे असते, आणि त्या देखणेपणामागे रसायनशास्त्राचा हा साधा भेद आहे हे कळल्यावर मला ते अधिकच आवडू लागले.

हा बदल कोणत्या बदलांहून वेगळा आहे

पाट्रिझी तबकडीला पुष्कळदा ‘ट्रॉपिकल’ तबकडी म्हटले जाते. ही गल्लत टाळायला हवी. ट्रॉपिकल हा शब्द मुख्यतः १९५० आणि १९६० च्या दशकांतील अशा काळ्या तबकड्यांसाठी रूढ झाला, ज्यांचा मूळ काळा रंगच सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी आणि उष्णतेने विटून चॉकलेटी किंवा तांबूस झाला. उष्ण कटिबंधातील कडक ऊन आणि दमट हवा यांमुळे असे होते, या समजुतीतून ते नाव पडले. तिथे काळा रंग नाहीसा होतो, तर पाट्रिझी कडीत चांदीवर नवे संयुग तयार होते. डोळ्यांना दोन्हीकडे तपकिरीच दिसते, पण एकात रंगाची वजाबाकी आहे आणि दुसऱ्यात पदार्थाची भर.

याच घड्याळातील अंधारात चमकणारा लेप वेगळ्याच कारणाने रंग बदलतो. या काळातल्या तबकडीवर तळाशी ‘स्विस मेड’ या शब्दांच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी हे अक्षर असते, ते लेपात ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य असल्याचे दर्शवते. ट्रिटियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षे, म्हणून १९९५ सालच्या घड्याळात २०२० पर्यंत त्याचा जेमतेम चौथा हिस्सा उरला. चमक गेली, आणि लेप पांढऱ्याचा सायीसारखा पिवळसर झाला. त्याहून जुन्या, रेडियम वापरलेल्या तबकड्यांत गोष्ट आणखी निराळी : रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे असल्याने ते आजही तितकेच सक्रिय असते, मात्र त्याच्या माऱ्याने लेपातले चमकणारे झिंक सल्फाइड निकामी होऊन चमक थांबते, आणि जिथे काटा वर्षानुवर्षे एकाच जागी थांबून राहिला तिथे तबकडीवर त्याची भाजल्यासारखी सावली उमटते. अशी तबकडी उघडून खरवडण्याचा मोह कोणीही करू नये, कारण ती धूळ श्वासातून शरीरात जाणे घातक आहे.

१९८० च्या दशकातील काही चकचकीत तबकड्यांच्या रंगलेपाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या, हेही वार्धक्यच. पण बाजाराने त्या भेगांना पाट्रिझी कड्यांसारखा मान दिला नाही. माझ्या मते याचे कारण केवळ लहर नाही. भेगांमुळे पृष्ठभाग तुटतो आणि अक्षरांची वाचनीयता जाते, तर कड्यांचा रंग बदलूनही त्यावरचा प्रत्येक आकडा स्पष्ट राहतो. घड्याळाचे काम न बिघडवता आलेला रंग माणसाला स्वीकारणे सोपे जाते.

मोल आणि त्याचे धोके

पाट्रिझी यांनी लक्ष वेधल्यानंतर जी तबकडी बदलून घेतली जात असे तीच शोधून घेतली जाऊ लागली, आणि सम, दाट तपकिरी कड्या असलेल्या घड्याळाला त्याच आवृत्तीच्या साध्या घड्याळापेक्षा जास्त किंमत मिळू लागली. हे मोल ठरवताना जाणकार तीन कड्यांची एकरूपता सर्वांत आधी पाहतात. एक कडी गडद आणि दोन फिक्या असतील तर किंमत उतरते.

जिथे रंगाला किंमत येते तिथे रंग आणून देणारेही येतात. उष्णता, अतिनील दिवे किंवा रसायने वापरून तबकडी मुद्दाम जुनी करण्याचे प्रकार होतात. त्यामुळे दहापट भिंगाखाली पाहताना कडीच्या रंगाबरोबर बाकी सारे त्याच्याशी जुळते का, हे पाहावे लागते. रंग कडीच्या कडेपाशी नेमका थांबतो का? की तो बाजूच्या काळ्या भागावर किंवा पांढऱ्या छपाईवर सांडला आहे? काट्यांवरचा आणि खुणांवरचा ट्रिटियम लेप सारख्याच प्रमाणात पिवळसर आहे का? घड्याळाचा अनुक्रमांक १९९० च्या दशकाच्या मध्यातला आहे का? कड्या तपकिरी आणि लेप मात्र पांढराशुभ्र असेल, तर एक तर लेप नंतरचा आहे किंवा कड्यांचा रंग संशयास्पद आहे.

केवळ रंगावर विसंबणे किती महाग पडू शकते, याचे उदाहरण दुसऱ्या एका घड्याळाने दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावसंस्थेच्या लिलावात १९५७ सालचे म्हणून मांडलेले, तपकिरी पडलेल्या तबकडीचे ओमेगा स्पीडमास्टर ३१,१५,५०० स्विस फ्रँकला गेले. अंदाज ८०,००० ते १,२०,००० फ्रँकचा होता. ते ओमेगाच्याच संग्रहालयासाठी घेतले गेले होते, आणि २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की ते वेगवेगळे भाग एकत्र जुळवून तयार केलेले घड्याळ होते आणि या व्यवहारात तिच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. तबकडीचा रंग डोळ्यांत भरला की बाकीच्या भागांचे प्रश्न विचारायचे राहून जातात. त्यामुळे हा प्रसंग पाट्रिझी तबकडी घेणाऱ्यानेही ध्यानात ठेवावा.

याउलट टोकाची चूक आपल्याकडे होते, आणि तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. जुन्या घड्याळाची तबकडी पिवळी पडली की ती खरवडून पुन्हा रंगवून घ्यायची, हा आपल्याकडचा फार जुना रिवाज आहे. अशा रंगवलेल्या तबकड्यांची एचएमटी, फावर-ल्युबा आणि इतर जुनी घड्याळे मुंबईतून परदेशी इतकी गेली की तिथल्या संग्राहकांच्या बोलीत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्दच अशा घड्याळांसाठी रूढ झाला. आपल्या शहराचे नाव असे घेतले जावे हे क्लेशदायक आहे. वडिलांचे घड्याळ नव्यासारखे दिसावे, ही भावना मी समजू शकतो आणि रंगवणाऱ्या कारागिरांचा हात पुष्कळदा खरोखर सफाईदार असतो. परंतु एकदा मूळ लेप गेला की त्या तबकडीवर कोणती धातू होती, कोणते वॉर्निश होते आणि ती कोणत्या हवेत राहिली, हे पुन्हा कधीच कळत नाही. १९९० च्या दशकातल्या सगळ्या पाट्रिझी तबकड्या अशा रंगवल्या गेल्या असत्या, तर या लेखात सांगण्यासारखे काहीच उरले नसते.

जपणूक

ज्याच्याकडे अशी तबकडी आहे त्याच्यापुढे व्यावहारिक प्रश्न राहतो. कडीचा रंग आज सुंदर आहे, पण क्रिया चालू आहे. ती थांबवता येते का? पूर्णपणे नाही. मंदावता मात्र येते. घड्याळ कोरड्या जागी ठेवावे. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. लोकर, रबर आणि काही चिकटद्रव्ये गंधकाची संयुगे सोडतात, म्हणून लोकरी अस्तराची किंवा स्वस्त फोमची पेटी टाळावी. खिडकीतल्या थेट उन्हात घड्याळ मांडून ठेवू नये. यंत्राला तेलपाणी करायला देताना तबकडी बदलायची नाही, पुसायची नाही आणि पॉलिश करायची नाही, हे लेखी सांगावे. वॉर्निशवर नवा संरक्षक थर देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नाकारावा, कारण नव्या थरातला विद्रावक जुन्या झापोनला विरघळवू शकतो आणि त्याबरोबर छपाईही जाऊ शकते.

आणखी एक काम फार कमी लोक करतात. दरवर्षी एकाच दिव्याखाली, एकाच अंतरावरून, शेजारी रंगांची प्रमाणपट्टी ठेवून तबकडीचे छायाचित्र काढावे. वर्षभरातला फरक नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही, पण दहा छायाचित्रे शेजारी मांडली की कडीची वाटचाल स्पष्ट दिसते. याच घराण्यातल्या पुढच्या आवृत्तीत, म्हणजे २००० नंतरच्या पहिल्या काही डेटोनांत, काही पांढऱ्या तबकड्या सायीच्या रंगाच्या होऊ लागल्या आणि इटालियन संग्राहकांनी त्यांना ‘पान्ना’, म्हणजे साय, असे नावही दिले. त्या तबकड्यांचा बदल पाट्रिझी कड्यांपेक्षा तरुण आहे, आणि ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांना तो आत्तापासून छायाचित्रांत नोंदवून ठेवता येईल.